कंपोझर : वर्डप्रेसच्या प्लगइन व थीमचे व्यवस्थापन

पीएचपी प्रकल्पाला लागणारी बाहेरची पॅकेजे टर्मिनलवरून उतरवणारे आणि त्यांच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळवणारे मुक्तस्रोत साधन. नील्स आडरमान आणि जॉर्डी बोजानो यांनी घडवलेल्या कंपोझरची पहिली आवृत्ती मार्च २०१२ मध्ये आली. वर्डप्रेसही पीएचपीतच लिहिलेले असल्याने संकेतस्थळाचे प्लगइन व थीम याच साधनाने सांभाळता येतात.

वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहातले मोफत प्लगइन आणि थीम डब्ल्यूपॅकॅजिस्ट ही सेवा कंपोझरला कळेल अशा रूपात पुरवते. ‘कंपोझर.जेसन’ या फाइलमध्ये हवी ती नावे व चालतील त्या आवृत्त्या लिहायच्या. इन्स्टॉलर्स नावाचे पॅकेज प्रत्येक वस्तू प्लगइन किंवा थीमच्या योग्य फोल्डरात ठेवते. विकतच्या प्लगइनसाठी मात्र खासगी भांडार लागते.

या पद्धतीचा प्राण ‘कंपोझर.लॉक’ ही दुसरी फाइल आहे. प्रत्यक्षात कोणती नेमकी आवृत्ती निवडली गेली, हे तिच्यात नोंदलेले असते. ‘अपडेट’ ही आज्ञा नवी निवड करते, तर ‘इन्स्टॉल’ नोंदलेली निवडच पुन्हा बसवते. म्हणून ‘अपडेट’ विकसकाने आपल्या संगणकावर द्यावी, तपासून पाहावी आणि सर्व्हरवर फक्त ‘इन्स्टॉल’ चालवावी. वर्डप्रेसच्या डॅशबोर्डवरून होणारी अद्यतने बंद ठेवणेही तितकेच आवश्यक आहे. नाहीतर लॉक फाइल एक सांगते आणि सर्व्हरवर दुसरेच चालते. आपोआप अद्यतनाचा धोका एका घटनेतून दिसला. ऑक्टोबर २०२४ मध्ये वर्डप्रेस आणि डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी यांच्या वादात त्या कंपनीच्या ‘अॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स’ या प्लगइनची संग्रहातली जागा ‘सिक्युअर कस्टम फील्ड्स’ या शाखेला दिली गेली. ज्यांचे आपोआप अद्यतन चालू होते, त्यांच्या स्थळांवर ती शाखा न विचारता बसली. लॉक फाइलवर चालणाऱ्या स्थळांना निर्णय घ्यायला उसंत मिळाली.

अनेक स्थळे असलेल्या संस्थांना ही पद्धत विशेष उपयोगी. उदाहरणार्थ, पुण्याजवळ मुळशी तालुक्यातील लवळे येथे सिंबायोसिस आंतरराष्ट्रीय अभिमत विद्यापीठ आणि फ्लेम विद्यापीठ यांची संकुले आहेत. एवढ्या व्यापाच्या संस्थेने विभाग, परिषदा, माजी विद्यार्थी यांची स्थळे वेगवेगळी चालवायची ठरवली, तर प्रत्येक डॅशबोर्ड उघडून बटणे दाबत बसण्यापेक्षा सगळ्यांच्या कंपोझर-फाइली ‘गिट’ या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात ठेवणे कितीतरी सुरक्षित. कोणी, केव्हा, काय बदलले हे तिथे दिसते. विद्यार्थी-विकसक उत्तीर्ण होऊन गेला तरी स्थळाची घडण संस्थेकडे राहते.

या पद्धतीला एक मर्यादाही आहे : जुनी लॉक फाइल परत आणली की कोड मागे येतो, डेटाबेस येत नाही. अद्यतनात प्लगइनने तक्ते बदलले असतील तर आधी घेतलेला बॅकअपच कामी येतो.

मराठी स्थळांना आणखी एक काळजी घ्यावी लागते. वर्डप्रेस एरवी भाषापॅक स्वतः उतरवते. डॅशबोर्डमधून फाइली बदलण्यास पूर्ण बंदी घातली की तेही थांबते आणि नव्या प्लगइनच्या सूचना इंग्रजीत दिसू लागतात. त्यासाठी ‘इन्स्टॉल’ झाल्यावर डब्ल्यूपी-सीएलआय या साधनाच्या भाषा-आज्ञेने ‘एमआर’ संकेताचे मराठी पॅक, गाभा, प्लगइन व थीम यांचे वेगवेगळे, उतरवून घ्यावेत.