धुण्याच्या पावडरीतला दमा

रक्त, अंडे, घाम यांचे डाग प्रथिनांचे असतात आणि नुसत्या साबणाला ते सहसा दाद देत नाहीत. प्रथिने तोडणारी विकरे, म्हणजेच एन्झाइम, धुण्यासाठी वापरण्याची कल्पना जर्मनीत ओटो रोम यांनी १९१३ मध्ये मांडली. त्यांचे विकर जनावरांच्या स्वादुपिंडातले होते. साबणाच्या क्षारयुक्त पाण्यात ते फारसे तग धरीत नसे. बॅसिलस गटातल्या जिवाणूंपासून क्षारात टिकणारे विकर हाती आले आणि १९६० च्या दशकात युरोप-अमेरिकेत ‘जैविक’ पावडरींची लाट उसळली.

कारखान्यात हे विकर येई ते बारीक भुकटीच्या रूपात. ओतताना, मिसळताना ती हवेत उडे. १९६९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ब्रिटिश डॉक्टर मायकेल फ्लिंट यांनी अशा कामगारांच्या फुप्फुसविकाराची नोंद केली. त्याच वर्षी लंडनच्या जॅक पेपिस आणि सहकाऱ्यांनी हा विकार अ‍ॅलर्जीचा असल्याचे दाखवले.

खरी अडचण वेळेची होती. विकराशी संबंध आल्याबरोबर दमा लागत नाही. आधी शरीर संवेदनशील व्हावे लागते आणि त्यात काही महिनेही जातात. पुढेही फसगत होतेच. हुंगवण्याच्या चाचण्यांत काहींना लगेच धाप लागे, काहींना कित्येक तासांनी, तर काहींना दोन्ही वेळा. दिवसपाळीच्या कामगाराला रात्री घरी खोकल्याची उबळ आली, तर कारखान्यावर संशय जाणार कसा? त्यामुळे ‘सुट्टीत बरे वाटते का?’ हा साधा प्रश्न निदानात फार मोलाचा ठरला.

त्वचेवर विकराचा थेंब टाकून टोचले की संवेदनशील माणसाला गांधी उठते. १९६० च्या दशकाअखेरीस ‘आयजीई’ प्रतिपिंडाचा शोध लागल्यावर तीच गोष्ट रक्तातही मोजता येऊ लागली. पण या चाचण्या संवेदनशीलता दाखवतात, दमा नव्हे. तो दुवा जोडला फुंकर मारून श्वासाचा वेग मोजणाऱ्या पीक फ्लो मीटरने. कामाच्या आणि सुट्टीच्या दिवसांत, दिवसातून अनेकदा घेतलेल्या नोंदींचा आलेख व्यवसायजन्य दम्याच्या निदानात कसा वापरावा, हे शेरवुड बर्ज यांनी १९७९ मध्ये दाखवले. मुद्दाम विकर हुंगवण्याची चाचणी सर्वांत निर्णायक, पण जोखमीची. ती रुग्णालयात, देखरेखीखालीच करावी लागते.

दरम्यान भुकटीऐवजी आवरण चढवलेले दाणे आले. १९८२ मध्ये ब्रिटनने व्यवसायजन्य दम्याला भरपाईयोग्य आजारांत स्थान दिले, तेव्हा कारणांच्या यादीत प्रथिनभेदक विकरे होती. आवरणाने प्रश्न संपला, हा समज मात्र घाईचा होता: केवळ असे दाणे वापरणाऱ्या एका आधुनिक कारखान्यातही दम्याचा उद्रेक झाल्याचे २००० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

तोवर संशयाची सुई बेकरीकडेही वळली होती. पाव फुगावा म्हणून पिठात बुरशीपासून काढलेले अमायलेज मिसळतात. त्याची अ‍ॅलर्जी असलेले बेकरी कामगार १९८० च्या दशकात जर्मनीत आढळले. अशा कामगाराची नुसत्या गव्हाच्या पिठाची चाचणी निर्दोष आली तरी अमायलेजची चाचणी वेगळी करावी लागते.