व्यायामाची तीव्रता, दाह आणि चयापचय : मुलचेऱ्याच्या मैदानापासून प्रयोगशाळेपर्यंत

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागातील मुलचेरा तालुक्यात शरीर कष्टविण्यासाठी कोणाला व्यायामशाळा गाठावी लागत नाही. चैत्रात पहाटे मोहफुले वेचायची, मे महिन्याच्या उन्हात तेंदूपत्ता तोडायचा, आषाढात कंबर वाकवून धानाची रोवणी करायची, हा येथील माडिया-गोंड कुटुंबांचा, तसेच पूर्व बंगालमधून येऊन वसलेल्या निर्वासित शेतकऱ्यांचाही वर्षाचा क्रम. या कष्टाच्या जोडीला गेल्या काही वर्षांत पोलीस भरतीच्या तयारीचे धावणे आले. जिल्ह्यात कायम नोकरीच्या वाटा मोजक्याच असल्याने तरुण-तरुणींच्या दृष्टीने या धावण्याचे मोल मोठे आहे. शारीरिक चाचणीच्या ५० गुणांसाठी मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर धावावे लागते, गोळाफेक वेगळी.

शहरातील वाचकाला व्यायाम म्हटला की 'तो करावा' एवढेच ठाऊक असते. जे मुळातच कष्टाळू आहेत त्यांच्यापुढील प्रश्न निराळा आहे. व्यायाम किती जोरात करावा, किती वेळा करावा आणि दोन जोरकस सत्रांमध्ये किती विश्रांती घ्यावी? गेल्या तीन-चार दशकांतील संशोधनाने या प्रश्नाची बरीच उकल केली आहे. तिचे सूत्र शरीरातील दोन क्रियांशी निगडित आहे. त्यातील एक दाह आणि दुसरी चयापचय.

दाह म्हणजे काय?

काटा रुतल्यावर जागा लाल होते, सुजते, गरम लागते. हा तात्कालिक दाह शरीराच्या संरक्षणाचाच भाग आहे आणि काम आटोपल्यावर तो शमतो. चिंतेचा विषय आहे तो दुसऱ्या प्रकारचा, मंद आणि दीर्घकाळ धुमसणारा दाह. तो दिसत नाही, दुखत नाही. रक्तातील सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, टीएनएफ-अल्फा अशा घटकांच्या किंचित वाढलेल्या पातळीवरून तो ओळखावा लागतो. पोटातील चरबी हा त्याचा एक मोठा उगम. इन्सुलिनचा प्रभाव कमी होणे, मधुमेह आणि हृदयविकार यांच्याशी त्याचा निकटचा संबंध आढळला आहे.

या बाबतीत महाराष्ट्रातील एका अभ्यासाचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी सहकाऱ्यांसह पुणे परिसरातील शहरी आणि ग्रामीण व्यक्तींच्या रक्ताची तुलना केली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दाहाला चेतविणारे घटक शहरवासीयांत अधिक, ग्रामीणांत कमी आढळले. पुढे २००४ मध्ये याच दोघांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच छायाचित्रे छापली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या अंगातही चरबी दडलेली असू शकते, हे त्या एका चित्राने जगाला पटवून दिले. खेड्यातून शहरात येताना सुटणाऱ्या गोष्टींत शरीरश्रम अग्रभागी असतात, हे ध्यानात घेतले की पुण्याच्या आकड्यांचा मुलचेऱ्याच्या शेताशी असलेला संबंध उमगतो.

स्नायू हीच औषधशाळा

व्यायामाने दाह कमी होतो हे अनुभवाने माहीत होते. तो कसा, याचे उत्तर या शतकाच्या आरंभी मिळू लागले. कोपेनहेगनच्या डॉ. बेंते क्लारलुंड पेडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, आकुंचन पावणारा स्नायू इंटरल्यूकिन-६ नावाचा संदेशवाहक पदार्थ थेट रक्तात सोडतो. हाच पदार्थ एरवी दाहाच्या खुणांमध्ये गणला जातो, म्हणून आरंभी संभ्रम झाला. मात्र स्नायूतून येणारे इंटरल्यूकिन-६ टीएनएफ-अल्फाला आवर घालते आणि दाहशामक घटकांना बोलावणे धाडते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी पुरुषांना जिवाणूजन्य विषाची अल्प मात्रा टोचण्यात आली. स्वस्थ बसलेल्यांच्या रक्तात टीएनएफ-अल्फा वाढला. दीर्घकाळ सायकल चालविणाऱ्यांच्या रक्तात ती वाढ झाली नाही. स्नायूंतून स्रवणाऱ्या अशा पदार्थांना 'मायोकाइन' हे नाव मिळाले.

तीव्रतेचा प्रश्न येथूनच सुरू होतो. इंटरल्यूकिन-६ किती स्रवणार, हे व्यायाम किती वेळ आणि किती जोरात चालला, कामाला किती स्नायू जुंपले आणि स्नायूंतील ग्लायकोजेनचा साठा किती उरला, यांवर ठरते. भरभर चालण्याने ही पातळी थोडी वाढते; मॅरेथॉनच्या अखेरीस ती शंभर पटींपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. परंतु इतक्या दीर्घ आणि कठोर श्रमात स्नायूंचे तंतूही फाटतात, पांढऱ्या पेशी वाढतात आणि पुढच्या दिवशी सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन चढलेले दिसते. थोडक्यात, जोराच्या व्यायामानंतर शरीर आधी पेटते आणि मग स्वतःच ती आग विझविते. विझविण्याला अवधी मिळाला तर लाभ पदरात पडतो. तो मिळण्याआधीच पुन्हा काडी टाकली, तर आग धुमसत राहते.

इंधन कोणते?

चयापचयाचे गणितही तीव्रतेनुसार बदलते. १९९३ मध्ये प्रशिक्षित सायकलपटूंवर झालेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात प्राणवायू वापरण्याच्या कमाल क्षमतेच्या २५, ६५ आणि ८५ टक्के अशा तीन पातळ्यांवर इंधनाचा वापर मोजण्यात आला. एकूण चरबी सर्वाधिक जळाली ती मधल्या पातळीवर. ८५ टक्क्यांवर शरीराने ग्लायकोजेन आणि ग्लुकोजकडे मोर्चा वळविला व चरबीचा वापर उतरला. सतत चालणारे मध्यम श्रम, म्हणजे रोवणी किंवा जंगलातील पायपीट, चरबीवर चालतात. १६०० मीटरची शर्यत मुख्यतः साखरेवर. अशी शर्यत रोज धावायची तर पोटात पुरेसा भात हवा. रात्री अर्धपोटी झोपून पहाटे रिकाम्या पोटी वेगाचे फेरे मारणाऱ्याचा ग्लायकोजेनचा साठा आधीच उणा असतो, आणि साठा उणा असताना व्यायामाला शरीराचा तणावाचा प्रतिसाद अधिक तीव्र होतो.

यावरून मंद व्यायामच श्रेष्ठ असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. जपानी संशोधक इझुमी ताबाता यांनी १९९६ मध्ये २० सेकंद जीव तोडून श्रम आणि १० सेकंद विश्रांती अशा सात-आठ फेऱ्यांनी प्राणवायू वापरण्याची क्षमता आणि विनाप्राणवायू श्रमाची क्षमता, दोन्ही वाढतात असे दाखविले. थोड्या वेळात मोठा लाभ देणारी ही पद्धत पुढे जगभर पसरली. व्यायामानंतर स्नायू रक्तातील साखर अधिक सहजतेने उचलतात आणि हा परिणाम एक-दोन दिवस टिकतो; जोराच्या व्यायामात तो विशेष जाणवतो. अतितीव्र श्रमाच्या ऐन वेळी मात्र ॲड्रेनालिनमुळे साखर काही काळ वाढू शकते, हे मधुमेहींनी लक्षात ठेवावे. जोराच्या व्यायामानंतर दिवसभर चरबी जळत राहते, ही जाहिरातींतील भाषा तर बरीच फुगविलेली आहे. तो खर्च असतो, पण किरकोळ.

अतिरेकाचे चित्र २०२१ मध्ये स्वीडनमधील एका प्रयोगाने स्पष्ट केले. निरोगी स्वयंसेवकांच्या तीव्र व्यायामाचे प्रमाण आठवड्यागणिक वाढविण्यात आले. पहिल्या आठवड्यात ३६ मिनिटे, दुसऱ्यात ९०, तिसऱ्यात १५२. दुसऱ्या आठवड्यापर्यंत सारे सुधारत गेले. तिसऱ्या आठवड्यात पेशींतील ऊर्जाकेंद्रांचे, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांचे कार्य घटले आणि साखर पचविण्याची क्षमता खालावली. व्यायाम आवरता घेतल्यावर बरीचशी घसरण भरून निघाली. तीव्र व्यायामाच्या आठवड्यातील एकूण मिनिटांनाही मर्यादा असते, हे यातून दिसले. नॉर्वेत काम करणारे संशोधक स्टीफन सायलर यांनी अव्वल धावपटू व स्कीपटूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सुमारे ८० टक्के सत्रे संथ आणि २० टक्केच जोराची आढळली. भरतीच्या मैदानावर बहुधा याच्या उलट घडते. घड्याळ लावून प्रत्येक दिवस परीक्षेचाच दिवस असल्यासारखे धावले जाते.

आजारपणाची उघडी खिडकी

अतिश्रमानंतर प्रतिकारशक्ती काही तास खाली येते, हा समज १९८०च्या दशकापासून रूढ आहे. १९८२ मध्ये केपटाऊनच्या ५६ किलोमीटरच्या 'टू ओशन्स' शर्यतीनंतर सुमारे ३३ टक्के धावपटूंना सर्दी-खोकल्याची लक्षणे दिसली. न धावलेल्या सोबत्यांमध्ये हे प्रमाण १५ टक्के होते. २०१८ मध्ये काही संशोधकांनी या सिद्धान्तालाच आव्हान दिले. रक्तातील पेशी कमी होतात त्या नष्ट झाल्यामुळे नव्हे, तर इतर अवयवांत गस्तीला गेल्यामुळे, असे त्यांचे म्हणणे. गर्दी, जागरण, प्रवास यांनीही संसर्ग होतो. वाद मिटलेला नाही; परंतु अंगात ताप असताना धावू नये, याबाबत दुमत नाही. मलेरियाचा मोठा भार वाहणाऱ्या गडचिरोलीत हा सल्ला कागदी राहत नाही. तापाने शरीर आधीच दाहाच्या अवस्थेत असते. त्यात तीव्र श्रमांची भर हृदयावर आणि मूत्रपिंडांवर पडते.

रक्तातला वारसा

या भागाच्या संदर्भात सर्वांत महत्त्वाची बाब सिकलसेलची. नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ मध्येच मध्य भारतातील सिकलसेल गुणधर्माची नोंद 'लॅन्सेट'मध्ये केली होती. गडचिरोली-चंद्रपूरच्या आदिवासी आणि इतर काही समाजांत तो आढळतो. आई-वडिलांपैकी एकाकडूनच दोष आलेली व्यक्ती 'वाहक' असते. ती सहसा निरोगी जगते आणि स्वतःचे वाहकपण तिला ठाऊकही नसते. परंतु कडक उन्हात, पाण्याविना, विश्रांती न घेता लागोपाठ वेगाचे फेरे मारल्यास वाहकाच्या तांबड्या पेशीही कोयत्यासारख्या वाकू शकतात, स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो आणि स्नायू विरघळू लागतात.

अमेरिकी लष्करातील १९८७ च्या अहवालात कृष्णवर्णीय नवशिक्या जवानांपैकी वाहकांमध्ये श्रमजन्य आकस्मिक मृत्यूचा धोका इतरांच्या सुमारे २८ पट आढळला होता. २०१६ मध्ये सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा मृत्यूचे प्रमाण वाहकांत जास्त नव्हते. स्नायू विरघळण्याचा धोका मात्र ५४ टक्क्यांनी अधिक होता. दरम्यानच्या काळात लष्कराने पाणी, उष्णता आणि विश्रांतीविषयीचे नियम सर्वांनाच लागू केले होते. भारतातील सिकलसेलचा प्रकार आफ्रिकी वंशाच्या लोकांतील प्रकाराहून काहीसा निराळा असल्याने हे आकडे जसेच्या तसे येथे लावता येणार नाहीत. धोक्याची दिशा मात्र तीच आहे. वाहक असणे म्हणजे मैदान बंद होणे नव्हे, हेही तितकेच खरे.

जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीदरम्यान काही उमेदवारांचे मृत्यू झाले होते. त्यानंतर धावण्याचे अंतर कमी करण्यात आले. अंतर घटले की वेग वाढतो, आणि वेग वाढला की तीव्रता. त्यामुळे सरावाच्या दिवसांतील काळजीची गरज कमी झालेली नाही.

मुलींच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तात हिमोग्लोबिन कमी असले की साध्या वेगातही हृदय जोरात धडधडते; म्हणजे इतरांसाठी मध्यम असलेला व्यायाम तिच्यासाठी तीव्र ठरतो. खाणे अपुरे आणि श्रम जास्त अशी स्थिती लांबली, तर शरीर काटकसर करू लागते. चयापचयाचा वेग उतरतो, पाळी अनियमित होते, हाडे ठिसूळ होतात. पाळी थांबणे हे उत्तम सरावाचे नव्हे, उपाशी शरीराचे लक्षण आहे.

तीव्रता ओळखावी कशी?

यंत्राची गरज नाही. चालता-धावताना बोलता येते पण गाता येत नाही, तो व्यायाम मध्यम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तो तीव्र. नाडी मोजायची असल्यास २२० मधून वय वजा करावे. २२ वर्षांच्या तरुणासाठी ही कमाल गती अंदाजे १९८ येते आणि १२७ ते १५० ठोक्यांच्या दरम्यानचा व्यायाम मध्यम समजला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे तीव्र व्यायाम सुचविला आहे. शेतातील आणि जंगलातील श्रमही त्यात मोजले जातात. रोवणीच्या आठवड्यात वेगाचा सराव दोन दिवसांवर आणला, तर काही बिघडत नाही.

दुखणे दाबण्यासाठी गोळ्या घेण्याची सवय मात्र घातक. अमेरिकेतील १०० मैलांच्या शर्यतीतील धावपटूंवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आयबुप्रोफेन घेणाऱ्यांच्या रक्तात दाहाचे घटक कमी नव्हे, तर जास्त आढळले. शरीरात पाणी कमी असताना अशा गोळ्या मूत्रपिंडांनाही अपाय करतात. जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रांचीही तीच कथा. २००९ च्या एका जर्मन अभ्यासानुसार सी आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांमुळे व्यायामाने इन्सुलिनच्या प्रभावात होणारी सुधारणाच रोखली गेली.

रक्ततपासणीच्या आधी दोन-तीन दिवस कठोर व्यायाम टाळावा; अन्यथा सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन आणि स्नायूंचे विकर वाढलेले दिसून नसलेल्या आजाराचा संशय येतो. सरावानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, स्नायू दगडासारखे कडक होऊन दुखू लागले किंवा एकाएकी पायांतील बळ गेले, तर थांबून तत्काळ रुग्णालय गाठावे. तेथे आदल्या काही तासांत किती धावलो, किती पाणी प्यालो आणि घरात कोणाला सिकलसेल आहे का, हे आधी सांगावे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले असून, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. भरतीची तयारी सुरू करणाऱ्याने धावण्याच्या बुटांच्या आधी ही तपासणी करून घ्यावी. प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणीत दोष दिसला, तर वाहक की रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसिससारख्या पुढील चाचणीतूनच कळते. त्यामुळे पहिल्या चिठ्ठीवर न थांबता दुसरा अहवालही हाती घ्यावा.