अर्दबीलचे जुळे गालिचे

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला अर्दबील गालिचा साडेदहा मीटर लांब आणि सव्वापाच मीटरांहून थोडा जास्त रुंद आहे. त्यात सुमारे २ कोटी ६० लाख गाठी आहेत आणि त्यातली प्रत्येक गाठ कुणीतरी हाताने मारलेली आहे.

ही गाठ दिसायला अगदी साधी. लोकरीचा धागा ताण्याच्या एका तारेभोवती पूर्ण गुंडाळायचा, शेजारच्या तारेच्या मागून काढायचा आणि दोन्ही टोके वर आणून कापायची. गाठींची एक ओळ झाली की बाण्याचा धागा घालून ती ठोकून बसवायची. इथे ताणा आणि बाणा दोन्ही रेशमाचे आहेत. म्हणूनच गाठी इतक्या दाट बसल्या आणि नक्षीतली नाजूक वेल कुठेही खडबडीत झाली नाही. रंग मात्र फक्त दहा. नीळ, डाळिंबाची साल अशा वस्तूंपासून ते काढले जात. एवढ्या मोजक्या रंगांत गडद निळ्या जमिनीवरचे ते पिवळे पदक झळाळते, हे खरे कसब.

एका टोकाला चौकटीत मकसूद काशानीचे नाव आणि हिजरी ९४६, म्हणजे इसवी सन १५३९-४०, हे वर्ष विणलेले आहे. तेव्हा इराणच्या गादीवर सफवी घराण्यातला शाह तहमास्प होता. त्याच घराण्याचे मूळपुरुष शेख सफीउद्दीन यांच्या अर्दबील इथल्या दर्ग्यासाठी हा गालिचा घडला, असे मानले जाते.

मात्र तो एकटा नव्हता, त्याची जोडी होती. एकोणिसाव्या शतकात दोन्ही गालिचे विकले गेले तेव्हा ते झिजलेले होते. युरोपात जुन्या इराणी गालिच्यांना चांगली मागणी होती आणि अखंड नगाला भाव जास्त. मग एकाचे तुकडे कापून दुसऱ्याची भोके बुजवली. कारागिरी म्हणून ही दुरुस्ती थक्क करणारी असली, तरी एका कलाकृतीचा तो बळीच होता.

दुरुस्त केलेला गालिचा १८९३ साली संग्रहालयाने २,००० पौंडांना घेतला. त्याची पारख करून शिफारस केली होती इंग्रज नक्षीकार विल्यम मॉरिस यांनी.

दुसरा अमेरिकेत धनिकांच्या हातून फिरत जे. पॉल गेट्टी यांच्याकडे आला. त्यांनी १९५३ साली तो लॉस एंजेलिसच्या संग्रहालयाला दिला. त्याची मूळची रुंद किनार गेली आहे, लांबीही सात मीटरांच्या आसपासच उरली आहे. मकसूद काशानीचे नाव मात्र त्याच्यावरही आहे.