खंडाळ्याचा रथ : बेने इस्राएलांची एक दर्शनकथा

अलिबाग तालुक्यांतील खंडाळें या गांवीं एक खडक आहे. त्यावरील खुणा एलियाहू हन्नाबी या पैगंबराच्या रथाच्या असून, येथें दर्शन देऊन तो स्वर्गास गेला, अशी कोंकणांतील बेने इस्राएलांची परंपरागत समजूत आहे. हे लोक घाण्याचा धंदा करीत व शनिवार पाळीत, म्हणून पूर्वीं त्यांस शनवार तेली म्हणत. ही कथा म्हणजे शेजारच्या हिंदूंकडून घेतलेली अवतारकल्पना होय, असें म्हणण्याचा मोह सहज होतो. आमच्या मतें तो आवरला पाहिजे.

मूळ हिब्रू ग्रंथांतच ईश्वरदर्शनाविषयीं एकवाक्यता नाहीं. उत्पत्तीच्या १८ व्या अध्यायांत अब्राहामाच्या तंबूपाशीं तीन पुरुष येतात. पण बोलणारा स्वतः परमेश्वर ठरतो. ३२ व्यांत याकोब रात्रभर झुंजतो आणि आपण ईश्वराचें मुख पाहूनही वांचलों असें म्हणतो. निर्गमाच्या २४ व्या अध्यायांत मोशे व सत्तर वडील इस्राएलाच्या देवास पाहतात, तर ३३ व्यांत मुख पाहणारा जिवंत राहत नाहीं असें सांगून मोशेस केवळ पाठमोरें दर्शन दिलें आहे. अनुवादाचा ४ था अध्याय त्याहून कडक आहे : होरेबावर शब्द ऐकूं आला, आकृति दिसली नाहीं, सबब मूर्ति करूं नये. हे भेद निरनिराळ्या काळच्या लेखनपरंपरांचे होत, असें बहुतेक पंडित मानतात.

एलियाहूची कथा या कडक पक्षाला धरून आहे. पहिल्या राजांच्या १९ व्या अध्यायांत त्यास वाऱ्यांत, भूकंपांत व अग्नींत ईश्वर आढळत नाहीं. मागाहून मंद ध्वनि तेवढा ऐकूं येतो. दुसऱ्या राजांच्या २ ऱ्या अध्यायांत तो न मरतां, अग्निरथ पुढें येऊन, वावटळींतून वर जातो. आणि मलाखीच्या शेवटीं त्याच्या पुनरागमनाचें वचन आहे. तेव्हां खंडाळ्यास आला तो देव नव्हे, देवाचा अमर दूत. कोंकणानें त्यास उतरावयाला जागा दिली, इतकेंच.

उसनवारी आहे ती शब्दांत. शबात महिन्याच्या पौर्णिमेस होणाऱ्या उत्सवास ‘एलियाहू हन्नाबीचा ऊरूस’ म्हणतात. सणसर-इंदापुराकडे ऊरूस म्हटला कीं पीराचा, म्हणजे पुण्यतिथीचा. येथें तर ज्याला मरणच नाहीं त्याचा ऊरूस! नवस फेडतांना पोहे, गूळ व खोबरें यांचा मलिदा ठेवितात. हाही शब्द फारशी आहे.

इ. स. १८८० च्या सुमारास या समाजांत अब्राहामादिकांवर मराठी कीर्तनें होऊं लागलीं, तेव्हां शब्दांचा प्रश्न अधिक बिकट झाला असला पाहिजे. ‘दर्शन’ म्हटलें तर श्रोत्यांपुढें मूर्ति उभी राहते. ‘अवतार’ म्हटलें तर सिद्धान्तच बुडतो. इ. स. १८७४ मध्यें पुण्यास छापलेली हिब्रू-मराठी हग्गादा संग्राहकांस तिच्यांतील लुगडें नेसलेल्या स्त्रियांच्या चित्रांमुळें ठाऊक आहे. परंतु तींतील खरें मोलाचें स्थळ निराळें : मिसरांतून सोडविलें तें देवदूताकरवीं नव्हे, स्वतः ईश्वरानें, असें जेथें म्हटलें आहे व लगेच त्याच्या सान्निध्याच्या प्रकटीकरणाचा उल्लेख येतो तें. ज्यांच्या दप्तरांत या समाजाचीं हस्तलिखित कीर्तनें वा प्रार्थनापुस्तकें असतील, त्यांनीं चित्रांआधीं हें स्थळ उघडावें आणि तेथील मराठी शब्द जसाच्या तसा उतरून मंडळाकडे धाडावा.