उकिरड्याचे शास्त्र : इंदूर, १९२४ ते १९३१

१/ सेंद्रिय शेती ही कल्पना युरोप-अमेरिकेतून भारतात आली, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात तिच्या पायाभूत प्रयोगांपैकी एक होळकरांच्या इंदुरात झाला आणि त्याचा वृत्तांत लिहिणाऱ्या दोघांपैकी एकाचे नाव होते यशवंत वाड.

२/ १९०५ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ बिहारमधील पुसा येथील सरकारी संशोधन संस्थेत रुजू झाले. पत्नी गॅब्रिएल स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. भोवतालचे शेतकरी रासायनिक खतांवाचून चांगली पिके कशी घेतात, याचे निरीक्षण हॉवर्ड करू लागले. पुढे त्या शेतकऱ्यांना त्यांनी आपले गुरू मानले.

३/ या दांपत्याची दृष्टी बाजारापासून तुटलेली नव्हती. बलुचिस्तानातील क्वेट्टा येथे त्यांनी फळांवर काम केले. दूरच्या बाजारात ती न चेपता पोचावीत, यासाठी बांधणीच्या सुधारित पद्धती सुचवल्या. पुसाच्या फळबागेत त्यांना आढळले की, झाडांखाली गवत माजले की मुळांना हवा कमी पडते आणि झाड खंगते.

४/ १९२४ मध्ये इंदूर येथे ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ स्थापन झाली. माळव्यातील मुख्य अडचण खताची होती. शेणाचा मोठा वाटा गोवऱ्या होऊन चुलीत जाई; उरलेले उकिरड्यावर उन्हाने वाळे, पावसाने वाहून जाई. विकतचे खत सामान्य कुणब्याच्या आवाक्याबाहेर होते.

५/ म्हणून कमी शेणात अधिक खत करण्याची रीत शोधली गेली. आकारमानाने तीन-चार भाग काडीकचऱ्याला एक भाग शेण. सोबत गोठ्यातील मूत्र मुरलेली माती, लाकडाची राख आणि पाणी. कपाशीच्या पऱ्हाट्या कठीण असतात, त्या लवकर कुजत नाहीत. त्या रस्त्यावर पसरल्या जात. गाड्यांच्या चाकांखाली व बैलांच्या खुरांखाली त्यांचा चुरा होई.

६/ खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि केवळ २ फूट खोल असे, कारण त्याहून खाली हवा नीट पोचत नाही. सुमारे पंधरवड्याने, महिन्याने आणि दोन महिन्यांनी अशी तीनदा चाळवण. तीन महिन्यांत खत तयार. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, म्हणून तेव्हा जमिनीवरच ढीग रचले जात. फळझाडाच्या मुळांना लागणारी हवा कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंनाही लागते, हे या पद्धतीचे मर्म होय.

७/ ही सारी सामग्री नवी नव्हती. शेण, राख, पालापाचोळा शेतकऱ्याच्या दारीच होता. चीनमधील शेतकऱ्यांच्या खत करण्याच्या परंपरेचाही हॉवर्ड यांच्यावर प्रभाव होता. इंदूरच्या संस्थेने प्रमाण, ओल, उष्णता व वेळ मोजून त्या व्यवहाराला कोणालाही करता येईल अशा नियमांत बसवले.

८/ १९३१ मध्ये हॉवर्ड आणि वाड यांचा ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी हॉवर्ड भारतातून परतले. १९४० च्या ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’ने त्यांचे विचार दूरवर नेले. अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी त्यांतून प्रेरणा घेऊन १९४२ मध्ये नियतकालिक सुरू केले. ब्रिटनमध्ये १९४६ साली ‘सॉइल असोसिएशन’ उभी राहिली.

९/ या प्रवासात हॉवर्ड यांना सेंद्रिय शेतीचे जनक म्हटले गेले; वाड यांचे नाव मात्र मागे पडले, आणि ज्यांच्या बांधावर हे निरीक्षण झाले त्या शेतकऱ्यांची तर नावेही नोंदली गेली नाहीत. त्यामुळेच आपल्याच मातीतले ज्ञान पुढील पिढ्यांना परदेशी वाटू लागले.

१०/ कृषी शिक्षणात ‘इंदूर पद्धत’ आजही शिकवली जाते. भाजीपाला वा फळबाग करणाऱ्यासाठी तिची खूण सोपी आहे : खड्ड्याला दुर्गंधी सुटली किंवा त्यावर माश्या घोंगावू लागल्या, तर आत हवा पोचत नाही असे समजावे आणि खत वेळीच चाळवावे.