अग्नी नको, तर मग काय? होमकुंडापासून पाण्याच्या मडक्यापर्यंत

लग्नसराईत आम्हा कार्यकर्त्यांना एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. आंतरजातीय लग्न ठरते आणि समोरची मंडळी विचारतात, "तुमच्यात होम नाही, सात फेरे नाहीत, मग लग्न लागते तरी कशाने?" आपली पोरे गप्प बसतात. कुणी "जाऊ द्या, एवढ्याने काय होते" म्हणत दोन्ही पद्धतींनी लग्न लावून मोकळे होतात. मित्रांनो, या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे. अग्नीच्या जागी काय ठेवायचे, हा वाद या देशात अडीच हजार वर्षे चालू आहे.

आधी अग्नीच का, ते पाहू. यज्ञाच्या कल्पनेत अग्नी हे देवांचे तोंड आणि माणसाचा दूत. तूप, धान्य, पशू आगीत टाकायचे. धूर वर जातो, वस्तू दिसेनाशी होते, म्हणजे ती देवाला पोचली! त्या बदल्यात पाऊस, पुत्र, गाई मिळवायच्या. अथर्ववेदात तर रोग पळवण्याच्या मंत्रांबरोबर शत्रूचा नाश करण्याचेही मंत्र आहेत. ठरलेली कृती केली की ठरलेले फळ मिळणारच, या समजुतीलाच जादू म्हणतात. आजचा बुवा मंत्राने होम पेटवतो तेव्हा समिधांत पोटॅशियम परमँगनेट दडवलेले असते आणि वरून 'तूप' म्हणून ग्लिसरीन ओतलेले असते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हा प्रयोग गावोगाव करून दाखवतात. रसायन आपले काम करते, श्रेय मात्र मंत्राला जाते.

आता गंमत पाहा. यज्ञाला पर्याय शोधण्याचे काम खुद्द ब्राह्मणी ग्रंथांनीही केले आहे. ऐतरेय ब्राह्मणात बळीचे सत्त्व माणसातून घोड्यात, घोड्यातून बैलात, मग मेंढीत, बकऱ्यात आणि शेवटी तांदळात उतरल्याची कथा आहे. म्हणजे पशूऐवजी तांदळाचा पुरोडाश चालतो. शतपथ ब्राह्मणात जनक राजा याज्ञवल्क्याला विचारतो, अग्निहोत्राला दूध नसेल तर काय? तर तांदूळ आणि जव. तेही नसतील तर दुसऱ्या वनस्पती, मग रानातल्या वनस्पती, मग झाडाची फळे, मग पाणी. आणि काहीच नसेल तर? तर श्रद्धेच्या अग्नीत सत्याची आहुती. उत्तर ऐकून खूश झालेला जनक याज्ञवल्क्याला शंभर गाई देतो. दुधाला पर्याय निघाला, पाण्यालाही पर्याय निघाला. गाई मात्र खऱ्याच द्याव्या लागल्या!

मग अग्नीच नसेल तर? मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात, श्राद्धाच्या प्रकरणात, याचेही उत्तर आहे. अग्नी नसेल तर आहुती ब्राह्मणाच्या हातावर ठेवावी, कारण जो अग्नी तोच ब्राह्मण. नवव्या अध्यायात मनू पुढे सांगतो की ब्राह्मण विद्वान असो वा अडाणी, तो अग्नीसारखाच थोर दैवत आहे. वाचकांनी इथे क्षणभर थांबावे. आगीला पर्याय म्हणून पुढे आला तो पुरोहिताचा तळहात. द्रव्य बदलले, कुंड बदलले. मध्यस्थ जागचा हलला नाही.

बुद्धाने दिलेला पर्याय याच्या मुळावर घाव घालतो. उरुवेलेचे तीन काश्यप बंधू अग्निपूजक जटाधारी होते आणि त्यांच्याबरोबर एक हजार शिष्य होते. विनयपिटक सांगते की त्यांनी जटा आणि अग्निहोत्राचे साहित्य नदीत सोडून दिले. त्यांच्यापुढे बुद्धाने आगीवरच प्रवचन दिले: जळते आहे ते राग, द्वेष आणि मोहाने, ती आग विझवा. उग्गतसरीर नावाचा ब्राह्मण शेकडो पशू खांबाला बांधून महायज्ञाच्या तयारीत होता. त्याला बुद्धाने सेवा करण्याजोगे तीन 'अग्नी' सांगितले. पहिला आईवडील, दुसरा बायकामुले आणि घरातील नोकरचाकर, तिसरा सदाचारी श्रमण-ब्राह्मण. त्याने ते पशू सोडून दिले. कूटदंत सुत्तात तर यज्ञाआधी राजाने काय करावे ते सांगितले आहे: शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल, राजसेवकाला वेतन. आहुतीच्या जागी धोरण!

तोच धागा महात्मा फुल्यांनी उचलला. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि भटाशिवाय लग्ने लागू लागली. पुरोहितांनी काय केले? होम बुडाला म्हणून देव कोपण्याची वाट पाहिली नाही, दक्षिणेच्या हक्कासाठी कोर्ट गाठले. झळ कुणाला लागली होती, ते यावरून कळते.

इथे कुणी विचारेल, २५ डिसेंबर १९२७ ला महाडला तुम्हीही आग पेटवलीच ना? होय, पेटवली. खड्डा खणला, चंदनाची लाकडे रचली आणि मनुस्मृती जाळली. ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. पण त्या आगीकडून कुणी पाऊस किंवा पुत्र मागितला नाही. बाबासाहेबांनी तिची तुलना परदेशी कापडाच्या होळीशी केली. तो जाहीर निषेध होता. ज्या ग्रंथाने ब्राह्मणाला अग्नी म्हटले तो ग्रंथ खऱ्या आगीत जळला आणि आकाश कोसळले नाही. जादूचा धाक मोडतो तो असा.

शेवटचा पर्याय बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला. महापरिनिर्वाणाच्या दोन दिवस आधी, ४ डिसेंबर १९५६ च्या पत्रात, त्यांनी बौद्ध विवाहविधी सांगितला. होम नाही, सप्तपदी नाही. वधूवरांमध्ये पाण्याने काठोकाठ भरलेले नवे मडके, त्यात सोडलेल्या सुताची दोन टोके दोघांच्या हाती, अंगावर पांढरे कपडे आणि मंगलसुत्ताचे पठण. ज्या पाण्यासाठी चवदार तळ्यावर आपली माणसे मार खाऊन आली, तेच पाणी लग्नात अग्नीच्या जागी आले, असे आम्हाला वाटते.

कायदाही आडवा येत नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि त्याच्या कलम ७ नुसार दोहोंपैकी कुठल्याही पक्षाच्या रूढ विधीने लग्न लागू शकते. सातव्या पावलाची अट, त्या विधीत सप्तपदी असेल तरच. तमिळनाडूने तर १९६७ मध्ये दुरुस्ती करून पुरोहिताशिवायच्या स्वाभिमान विवाहांना स्पष्ट मान्यता दिली.

मात्र आपल्यालाही सावध राहिले पाहिजे. आज आपल्यातल्याच काही घरांत वास्तुशांतीचा होम परत येतो आहे. दुसरीकडे परित्राणाचा धागा 'बाधा' टाळण्यासाठी बांधला जातो, मेणबत्ती नवसासाठी लावली जाते. होमकुंड गेले म्हणून जादू गेली असे नाही. म्हणून कुठल्याही विधीपुढे दोन प्रश्न विचारा. यातून काही आपोआप मिळेल असे कुणी सांगतो आहे का? आणि आपल्यामध्ये कुणाचा हात पसरलेला आहे का? दोन्हींचे उत्तर 'नाही' असेल, तर मेणबत्तीही चालेल आणि मडकेही.

पुढच्या लग्नात कुणी विचारले, "लग्न लागले कशाने?" तर सांगा, दोघांच्या संमतीने. मडके फक्त साक्षीला आहे.

जय भीम!