कुलदैवत, गाव आणि कागद
गोमंतकातून स्थलांतरित झालेल्या घराण्यांचा मूळशोध



वार्षिक उत्सवास येणाऱ्या शिष्यवर्गापैकी निदान दोघे-चौघे तरी दरवर्षी पाठशाळेच्या ओसरीवर येऊन एकच प्रश्न विचारतात, "शास्त्रीबुवा, आमचे मूळ गाव कोणते?" प्रश्नकर्ता कधी बेळगावचा असतो, कधी कारवार-मंगळूरकडचा, क्वचित कोचीचाही. गोत्र ठाऊक असते, कुलदैवत ठाऊक असते. परंतु पूर्वज कोठून व केव्हा निघाले, याविषयी "पोर्तुगिजांच्या जुलमात आलो" या एका वाक्यापलीकडे कोणास काही सांगता येत नाही. काही वर्षांपूर्वी एका वयोवृद्ध गृहस्थांनी याच ओसरीवर आपली वंशावळ उलगडून दाखविली. आरंभी गोत्रप्रवर्तक ऋषी, अखेरीस स्वतःचा नातू. मध्ये एकही जागा रिकामी नव्हती. तीवर मठाचा शिक्का मिळावा अशी त्यांची इच्छा होती. मी नम्रपणे नकार दिला आणि त्यांचे मन दुखावले. त्या वेळी जे नीट सांगता आले नाही, ते येथे मांडण्याचा यत्न करतो.

प्रथम स्मृतीची मर्यादा पाहावी. पार्वण श्राद्धात आपण पिता, पितामह व प्रपितामह अशा तीनच पिढ्यांची नावे घेतो. त्यापलीकडील पूर्वजांचे नाव नित्य उच्चारात राहत नाही. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल असल्यामुळे घराण्यात तीच दोन-तीन नावे फिरत राहतात आणि नकलकाराची एक पिढी सहज सुटून जाते. आडनावाचाही फारसा आधार नाही. शेणवी, प्रभू, कामत, नायक ही बहुतांशी पदे वा उपाधी होत. एकाच गावात दोन भिन्न गोत्रांचे प्रभू असू शकतात. गावावरून पडलेली आडनावे अधिक उपयोगी खरी. पण गावातच राहणाऱ्याला कोणी त्या गावाचा 'कर' म्हणत नाही. असे नाव बाहेर पडल्यावरच चिकटते, आणि ते मूळ गावाचे असेल तसेच वाटेतील एखाद्या मुक्कामाचेही असेल.

मग धागा कोठे धरावा? कुलदैवताशी धरावा. येथे थोडा इतिहास ध्यानात घेतला पाहिजे. पोर्तुगिजांनी १५१० साली गोवा शहर जिंकले. बारदेश व साष्टी हे महाल १५४३ साली त्यांच्याकडे गेले. १५६० साली धर्मसमीक्षण न्यायासन आले आणि त्याच दशकात साष्टीतील देवालये पाडली गेली. भाविकांनी देवांस जुवारीपलीकडे, आदिलशाही अंमलातील अंत्रुज महालात नेले. कुठ्ठाळीचा, म्हणजेच कुशस्थळीचा, श्रीमंगेश प्रियोळास आला. केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास आली. वेर्ण्याची श्रीम्हाळसा म्हार्दोळास आली. देव एका नदीपलीकडे थांबले. भक्तांपैकी पुष्कळजण पुढे कानडा व मलबारपर्यंत गेले. म्हणून आपले कुलदैवत आज जेथे आहे ते आपले मूळ गाव नव्हे. ते देव ज्या गावाहून आले, तेथे मुळाचा शोध आरंभावा.

आता कागद. गोव्यातील ग्रामसंस्थांच्या चालीरीतींची सनद आफोंसो मेशिया याने १५२६ साली नोंदविली. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात साष्टीतील देवालये व त्यांच्या जमिनी यांची फोराल नामक खाती तयार झाली. त्यांचा हेतू उघड होता: देवाचे उत्पन्न चर्चकडे वळवावयाचे. ज्या खात्याने देवाची जमीन हिरावली, त्याच खात्यात कोणत्या गावात कोणता देव होता व त्याची शेते कोणती, हे टिकून राहिले. आपल्या पूर्वजांना पळताना जे नेता आले नाही, ते त्यांना पळवून लावणाऱ्यांच्या दप्तरात सापडते. त्या दप्तरखान्याची स्थापना १५९५ साली दियोगु दु कोतु या इतिहासकाराच्या हाती झाली. कै. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी त्याची दीर्घकाळ व्यवस्था पाहिली आणि १५५५ नव्हे, १९५५ साली, म्हणजे गोवामुक्तीपूर्वीच, त्याची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. ही कागदपत्रे चाळणाऱ्याने लेखनभेद जाणून असावे: शेणवी तेथे 'सिनाय' होतो, प्रभू 'पोरोब' होतो, कामत 'कामोतीं' होतो.

दुसरे साधन देवस्थानांचे. प्रत्येक देवालयाच्या महाजनांची कुळे ठरलेली असतात. पोर्तुगीज सरकारने १८८६ व १९३३ साली देवस्थानांसाठी नियम केल्यावर महाजनांच्या नोंदींस कायद्याचे रूप आले. मराठेशाहीतील सनदाही उपयोगी पडतात. शाहू छत्रपतींचे मंत्री नारो राम यांच्या पुढाकाराने कवळ्याचे देवालय नव्याने उभे राहिले. रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या प्रयत्नाने १७३९ साली मंगेशी गाव श्रीमंगेशास इनाम मिळाला. तिसरे साधन मठाचे. "आमच्या पूर्वजांना अमुक स्वामींचा उपदेश होता" अशी घरातील आख्यायिका असेल, तर त्या स्वामींचा पीठकाल पाहून पूर्वजाचा काल अजमावता येतो. गुरुपरंपरेत समाधीचे स्थान व पुण्यतिथी जपलेली असते. गृहस्थाच्या वंशावळीस असा खुंटा क्वचितच मिळतो.

वंशावळ पारखण्याची एक साधी कसोटी आहे. १५६० पासून आजवर सुमारे ४६५ वर्षे झाली. पिढीस सरासरी २५ ते ३० वर्षे धरल्यास पंधरा ते अठरा पिढ्या होतात. कोणाच्या कागदावर तेवढ्या काळासाठी नऊच नावे असतील, तर पिढ्या सुटल्या आहेत. तीस असतील, तर भावांना बापलेक केले आहे. नामसादृश्यावरही विसंबू नये. कोची येथे १६७५ साली रंगभट, विनायक पंडित व आप्पू भट या तिघांनी 'होर्तुस मलबारिकुस' या डच वनस्पतिग्रंथासाठी नागरी लिपीत व कोकणी भाषेत प्रमाणपत्र लिहून दिले. आपल्या भाषेच्या इतिहासात ते अमोल आहे. परंतु घरात कोणी रंगभट होऊन गेला, एवढ्यावरून 'ते हेच' असे म्हणता येत नाही.

आता ज्या गोष्टीविषयी आपण बोलत नाही, तिच्याविषयी. गाव सोडणाऱ्या प्रत्येक घराण्यात मागे राहिलेला कोणी भाऊ असण्याचा संभव आहे. कोणी भीतीने, कोणी जमिनीसाठी, कोणी म्हाताऱ्या आईसाठी राहिला असेल. त्याने धर्म बदलला. आपल्या वंशावळींत त्याची फांदी छाटलेली असते. गोव्यातील कित्येक गावांत मात्र ख्रिस्ती गावकारही आपले वांगड विसरलेले नाहीत. कुंकळ्ळीची देवी फातर्प्यास गेली. तरी वर्षातून एकदा बारा वांगडांच्या बारा छत्र्यांसह ती मूळ गावी येते आणि त्या उत्सवात हिंदू व ख्रिस्ती दोघेही असतात. आपल्या पुराणपरंपरेचा आधार असलेले सह्याद्रिखंड १८७७ साली मुंबईत छापून आणले, तेही बारदेशातील एका ख्रिस्ती वैद्याने, डॉ. जेर्सन द कुन्य यांनी. मागे राहिलेल्या भावाने पुष्कळ ठिकाणी आपल्या गावाचा पत्ता राखला आहे. त्याच्याकडे विचारणा करण्यात कमीपणा कसला?

वंशावळ लिहू इच्छिणाऱ्या शिष्यांस माझी विनंती एवढीच. आजोबा-पणजोबांची नावे, गोत्र, कुलदैवत, पालवी, मुक्कामांची गावे, घरातील जुने खत वा सनद, हे सर्व आजच लिहून ठेवावे. कारण हे जाणणारी माणसे वृद्ध झाली आहेत. कागदाने सिद्ध झालेले एका शाईने लिहावे, ऐकीव दुसऱ्या शाईने. जेथे नाव सापडत नाही, तेथे जागा रिकामी सोडावी. ते नाव पुढे एखादा नातू शोधून काढील. खोट्या नावाने भरलेल्या जागेकडे मात्र कोणी पुन्हा पाहणार नाही.

त्या वृद्ध गृहस्थांस नकार देताना माझ्या मनात हेच होते. श्राद्धात ज्यांची नावे आपणांस ठाऊक नाहीत, त्यांनाही आपण तिलोदक देतोच. त्यासाठी नाव रचावे लागत नाही. अज्ञात पूर्वजांस हाच मान वंशावळीतही मिळावा, अशी श्रीचरणी प्रार्थना करून विराम घेतो.